भाड्याचं घर आणि कुलपातला ब्रेकर

वीज गेली की आपण आधी खिडकीतून शेजारच्या बिल्डिंगकडे बघतो. तिथेही अंधार असला की कसं बरं वाटतं! पण वीज जात नाही, ती घालवायची असते आणि घालवता येत नाही, तेव्हा काय?

न्यू जर्सीत आम्ही एका जुन्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला होता. आई नुकतीच भारतातून आलेली. एका रात्री स्वयंपाकघरातल्या सॉकेटमधून जळका वास यायला लागला. मिक्सरचा प्लग काढला तरी वास थांबेना, कारण त्याच सॉकेटमधून पुढे फ्रीजला तार गेली होती. आई म्हणाली, "अगं, मेन स्विच बंद कर ना!" मेन स्विच तळघरात, तळघराला कुलूप, मालक परगावी! शेवटी फायर ब्रिगेडने कुलूप तोडलं.

ब्रेकर आपोआप का पडला नाही? कारण ब्रेकर जादा करंट ओळखतो. सैल जोडणी मात्र नेहमीच्याच करंटवरही तापते. अशा वेळी माणसाचाच हात लागतो.

नंतर कळलं की याबद्दल चक्क नियम आहे. १८९७ सालापासून निघणाऱ्या अमेरिकेच्या 'नॅशनल इलेक्ट्रिकल कोड'मध्ये, कलम २४०.२४ मध्ये, लिहिलंय की प्रत्येक भाडेकरूला आपल्या जागेच्या ब्रेकरपर्यंत सहज पोचता आलं पाहिजे. अनेक बिऱ्हाडांचा मिळून असलेला मोठा ब्रेकर व्यवस्थापनाच्या ताब्यात चालतो, पण तेव्हाच, जेव्हा देखभालीला त्यांचा माणूस कायम हजर असतो. घरातल्या सर्किटांना मात्र ही सूट नाही. ती हॉटेलच्या, स्वयंपाकाची सोय नसलेल्या खोल्यांना आहे. ब्रेकर कपड्यांच्या कपाटात नको, बाथरूममध्ये नको, हेही तिथेच. कुलूप चालतं, पण किल्ली भाडेकरूकडे हवी.

मालकाला हे कलम दाखवलं. दोन दिवसांत किल्ली मिळाली, सॉकेटही बदललं. आईने ती किल्ली देवघरातल्या खुंटीला टांगली!

मंडळी, तुम्ही भाड्याने राहत असाल तर आज एवढंच करा. आपला ब्रेकर कुठे आहे ते बघा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही दाखवून ठेवा. भाडं, डिपॉझिट, पार्किंग सगळं आपण विचारतो. हेही विचारायला हवं.