आईच्या जन्माचा कागद

वसईतून फिरंगी १७३९ सालीच गेले. त्यामुळे पोर्तुगीज पारपत्राचा मोह आमच्या गावाला फारसा शिवला नाही. आमच्या घरात तो शिरला आईच्या माहेरातून. ती बार्देशातली, जन्म १९४६ चा. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांची आणि त्यांच्या मुलांची जन्मनोंद पोर्तुगाल मान्य करीत आला आहे, हे आमच्या धाकट्या भावाला कुवेतमध्ये कळले.

तेथे तो तीस वर्षे आहे. पण तेथील वास्तव्य म्हणजे कफिलाची मर्जी. नोकरी संपली की मुक्काम संपला. त्याची मुलगी तेथेच जन्मली, तरी त्या भूमीवर जन्मणे पुरेसे नाही. ती भारतीय झाली बापामुळे. वर्षाच्या आत दूतावासात तिची नोंद झाली. आता तिच्यासाठी त्याला लिस्बनचा कागद हवा होता, आणि ती वाट आईवरूनच जात होती: आधी तिची जन्मनोंद, मग विवाहाची, मग त्याची.

२०१९ साली आम्ही भावंडांनी आईपुढे विषय काढला. तिने शांतपणे ऐकून घेतले. म्हणाली, "बासष्ट साली मला कुणी विचारलं नाही. आता तुम्ही विचारताय, तर मी नाही म्हणते."

खरेच होते. १९६२ च्या आदेशाने गोवेकर भारतीय नागरिक ठरले तेव्हा ती पंधरा-सोळा वर्षांची. ज्यांना ते नको त्यांनी महिन्याभरात लेखी कळवायचे होते; घरातल्या पोरीला हे कोण सांगतो?

तरी आम्ही तिच्या मागे लागलो, हे कबूल केले पाहिजे. लिस्बनच्या लेखी ही नवी नागरिकता नव्हे, जुन्या जन्माची नोंद, असे समजावले. आपले संविधान दुहेरी नागरिकत्व मानत नाही, हे मात्र हळूच उच्चारले. तिने नेमके तेवढेच पकडले. "म्हणजे माझं मत जाईल?" आमच्यापैकी कुणालाच छातीठोक उत्तर देता आले नाही.

भावाला तर आपले पारपत्र परत करावेच लागले असते. पुढे ओसीआय कार्डावर येथे आयुष्यभर राहता येते; मतदान नाही, शेतजमीन विकत घेणे नाही. वाडीलगतचा तुकडा घेण्याचे स्वप्न बाळगणाऱ्या त्याला हे दुसरे कलम अधिक झोंबले.

बार्देशातून आणलेला जन्मनोंदीचा उतारा आईच्या प्रार्थनापुस्तकात घडी करून ठेवलेला आहे. "मी गेल्यावर काय ते करा," एवढेच ती म्हणते. २० मे २०२४ ला ती मत देऊन आली ती शाईचे बोट पदराला लागू न देता. रात्री कुवेतहून फोन आला. मायलेक बराच वेळ बोलले, पावसावर आणि नातीच्या परीक्षेवर.