चार दारांची गाडी, दोन दारांची कारागिरी

कोकणातून मुंबईला येणाऱ्या बऱ्याच गाड्यांचा शेवटचा थांबा म्हणजे लोकमान्य टिळक टर्मिनस. आमच्याकडची माणसे त्याला अजूनही कुर्ला टर्मिनसच म्हणतात. बहुतेकांचे कुर्ल्याशी नाते एवढेच, की सामान उतरवायचे, रिक्षा पकडायची आणि नातेवाइकांकडे निघायचे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तीन शिक्षक मात्र मुद्दाम कुर्ल्यातच थांबलो. दहावीनंतर शाळेतून बाहेर पडलेला आमचा एक विद्यार्थी इथल्या एका गॅरेजमध्ये डेंटिंगचे काम शिकतो आहे. त्याला भेटायचे होते आणि तो जिथे शिकतो ती जागाही पाहायची होती.

कुर्ला पश्चिमेला उतरून सीएसटी रोडने कालिन्याकडे चालू लागले, की मोटारीचा एकेक अवयव सुटा सुटा दिसू लागतो. एका दुकानात नुसते बंपर, दुसऱ्यात दिवे, तिसऱ्याच्या दारात एकावर एक रचलेले दरवाजे. कुठे काचा, कुठे सीट, कुठे इंजिने. रस्त्यावर तेलाचा काळा थर आणि कानावर सतत हातोडीचा ठणठणाट. नवख्या माणसाला हा भंगाराचा पसारा वाटतो. इथल्या माणसाला विचारा, कोणत्या गाडीचा कोणता भाग कोणत्या गल्लीत मिळेल, ते तो तोंडपाठ सांगेल.

कुर्ल्याचे आणि मोटारीचे नाते जुने आहे. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि तिचा कारखाना याच कुर्ल्यात उभा राहिला. १९५४ पासून इथे फियाट ११०० तयार होऊ लागली. तिचा फुगीर आकार पाहून लोकांनी तिला 'डुक्कर फियाट' हे नाव दिले. १९६४ मध्ये नव्या घडणीची फियाट आली आणि तिलाच १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळाले. १०८९ सीसीचे इंजिन, चार दारे आणि पुढे गिअरचा दांडा स्टिअरिंगला लावलेला. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी, हे समीकरण कित्येक वर्षे टिकले. टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. कारखाना तर त्याआधीच गेला होता. गॅरेजे मात्र राहिली आणि त्यांच्यातले हात राहिले.

आमचा विद्यार्थी गल्लीच्या तोंडाशी उभा होता. हाताला ग्रीस लागलेले, म्हणून त्याने हस्तांदोलनासाठी मनगट पुढे केले. गॅरेज म्हणजे तीन गाड्या मावतील एवढी पत्र्याची शेड. उस्ताद साठी ओलांडलेले. लहानपणी उत्तर प्रदेशातून आले आणि याच गल्लीत हातोडी धरायला शिकले. चहा सांगून झाल्यावर त्यांनी कोपऱ्यातल्या गाडीवरची ताडपत्री ओढली. खाली पद्मिनी होती, पण तिला दोनच दारे होती.

आम्ही तिच्याभोवती दोनदा फिरलो. मागचे दार जिथे असायला हवे तिथे सलग पत्रा होता. पुढचे दार नेहमीपेक्षा चांगलेच लांब होते. जोड शोधून सापडेना. छप्पर तेच, मागची डिकी तीच, तरी गाडी एखाद्या धावपटूसारखी पुढे झुकलेली वाटत होती. अशा दोन दारांच्या, मागे उतरत्या गाडीला कूपे म्हणतात. एका हौशी गिऱ्हाइकासाठी उस्तादांनी ती काही वर्षांपूर्वी घडवली. पुढे मालक आखातात नोकरीला गेले आणि गाडी इथेच राहिली.

"मागची दोन दारे बंद केली, एवढेच ना?" आमच्यातल्या एकाने विचारले. उस्ताद हसले. त्यांनी पुठ्ठ्याचे एक रिकामे खोके घेतले, त्याच्या दोन्ही बाजूंना चाकूने मोठमोठ्या चौकटी कापल्या आणि खोके आमच्या हातात दिले. ते लगेच मधोमध वाकले. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चॅसी नसते. तळ, खांब, छप्पर आणि दाराखालची लांब पेटी, जिला गॅरेजात रनिंग बोर्ड म्हणतात, हे सारे मिळून एकच खोके बनते आणि तेच सगळा भार उचलते. दोन दारांच्या मधला खांब हा त्या खोक्याचा कणा. दार लांब करायचे तर तो खांब कापून मागे न्यावा लागतो. काही आधार न देता कापला, तर गाडी मध्ये बसते. मग पुन्हा कोणतेच दार नीट लागत नाही.

म्हणून कापण्याआधी बांधणी करावी लागते. गाडी घोड्यांवर अगदी समतल उभी करायची. आतून आडवे, उभे आणि तिरपे लोखंडी पाइप वेल्ड करून सांगाडा जखडायचा. मग दाराच्या चौकटीची मापे घ्यायची. नुसती लांबी-रुंदी नाही, तर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरपी मापेसुद्धा. ती खडूने भिंतीवर लिहून ठेवायची. दर वेल्डिंगनंतर तीच मापे पुन्हा घ्यायची आणि भिंतीशी ताडून पाहायची. हे सगळे आम्हाला आमच्या विद्यार्थ्यानेच समजावले. "बाजूंची मापे तीच राहिली तरी चौकट तिरकी होऊ शकते, सर. कर्ण मोजला की लगेच कळते," तो म्हणाला. नववीत भूमितीच्या तासाला खिडकीबाहेर पाहणारा हा मुलगा. समांतरभुज चौकोन आम्ही त्याला फळ्यावर शिकवला होता. तो त्याच्या हातात उतरला कुर्ल्यात.

पुढचे काम आणखी नाजूक. पुढचे दार उभे कापून मागच्या दाराच्या पत्र्यातला तुकडा त्याला जोडायचा. मागच्या दाराचा उरलेला भाग, चाकाच्या कमानीचा गोलावा सांभाळून, बॉडीला कायमचा जोडायचा. सलग वेल्डिंग केले, तर उष्णतेने पातळ पत्रा कागदासारखा सुरकुततो. म्हणून एक टाका इथे, दुसरा हातभर दूर, मध्ये पत्रा थंड होऊ द्यायचा, आणि असे करत करत टाके जुळवत आणायचे. शिवणकाम जाणणाऱ्या भगिनींना हे चटकन कळेल; लांब शिवण घालण्याआधी त्याही कच्चे टाके घालतातच. काचेचीही अडचण असते. गाडीची काच भट्टीत कडक केलेली असते, ती नंतर कापता येत नाही. आधी नव्या मापाची साधी काच कापायची आणि मग ती कडक करायला पाठवायची.

इतके करूनही दार जड होतेच. "बिजागरी मजबूत नहीं की, तो दरवाजा लटकेगा," उस्ताद म्हणाले. म्हणून पुढचा खांब आतून जाड पत्र्याने भरायचा, रनिंग बोर्डमध्ये आधार घालायचा आणि पुढच्या सीट पुढे झुकतील अशा करायच्या. उस्तादांनी त्या पद्मिनीचे दार आमच्यासमोर दोन बोटांनी ढकलले. ते 'खट्' असा एकच आवाज करून बसले. त्या आवाजाचा त्यांना किती अभिमान होता, ते चेहऱ्यावर दिसत होते.

आम्ही तिथे असतानाच एक तरुण त्याच्या मरहूम दादांची पद्मिनी घेऊन आला. मोबाइलवर परदेशी कूपेचे फोटो दाखवून म्हणाला, "अशीच करून द्या." उस्तादांनी वाद घातला नाही. ताडपत्रीखालच्या गाडीची पुढची सीट झुकवली आणि त्याला मागे बसायला सांगितले. तो एक पाय आत टाकून, मान वाकवून, कमरेतून वळून कसाबसा बसला.

"दादी आहेत ना घरी?" उस्तादांनी विचारले.

"आहेत. त्या पुढे बसतील."

"आणि अम्मी?"

तरुण काही बोलला नाही. बाहेर येताना त्याचे डोके छपराला लागले.

त्यावरून आपल्या देशातलीच एक जुनी गोष्ट आठवली. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर कंपनीची हेराल्ड ही गाडी १९६१ पासून इथे बनू लागली तेव्हा ती दोन दारांची होती. फियाट आणि ॲम्बेसिडर चार दारांच्या, त्यांच्यापुढे तिचा निभाव लागेना. मग कंपनीने १९६० च्या दशकाच्या अखेरीस खास भारतासाठी तिला आणखी दोन दारे दिली. आजी, आई आणि दोन मुले मागच्या सीटवर बसणारा आपला देश. इथे दाराचा प्रश्न घरातल्या माणसांपासून सुटा करता येत नाही.

दुसरा प्रश्न कायद्याचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. अपंग व्यक्तीसाठी करायच्या फेरबदलाला मात्र कायद्यात वाट आहे. म्हणजे उस्तादांची ती सुंदर पद्मिनी रस्त्यावर आणता येत नाही. कागदावर ती आजही चार दारांची आहे. उलट २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली. अट एकच, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात हवे. पहिल्या पद्मिनी आता त्या वयाला पोहोचल्या आहेत. जी कापायची हौस होती, तीच न कापता जपली तर तिची किंमत वाढते.

तो तरुण शेवटी गाडी ठेवूनच गेला. काम ठरले ते रनिंग बोर्डचा गंज काढून चारही दारे सरळ बसवण्याचे. उस्तादांचे एका मोठ्या कामाचे पैसे त्या दिवशी गेले, पण गिऱ्हाइकाला काय कापू नये हे सांगणे हादेखील त्यांच्या शिकवण्याचाच भाग असावा. आमचा विद्यार्थी बाजूला उभा राहून सगळे ऐकत होता.

आपल्या घरांत 'मुलगा गॅरेजात आहे' हे वाक्य खालच्या आवाजात बोलले जाते. स्थळ आले की तर आणखीच खालच्या. याचे एक कारण असे, की या विद्येला कागद नाही. उस्तादांकडे ४५ वर्षांचा हात आहे, पण दाखवायला एक प्रमाणपत्र नाही. मुलांच्या बाबतीत हे बदलता येईल. आयटीआयमध्ये मोटारीच्या बॉडी दुरुस्तीचा आणि बॉडी पेंटिंगचा प्रत्येकी एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. कामातून आधीच शिकलेल्या कारागिराची परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र देण्याची सोयही सरकारच्या कौशल्य योजनेत आहे. आम्ही मुलाला दोन्हीची माहिती दिली. उस्ताद म्हणाले, "जाऊ दे त्याला. सुट्टी मी देतो. पण परत इकडेच ये म्हणावे."

मे महिन्यात तो गावी येणार आहे. शाळा तेव्हा बंद असेल, पण एक खोली उघडून देण्याचे मुख्याध्यापकांनी कबूल केले आहे. नववीची पंधरा-वीस मुले जमतील, एक मोडके दार मिळवू आणि फळ्यासमोर तो उभा राहील. विषय आम्ही ठरवला आहे : चौकोनाचे कर्ण.