जखम भरली, पण ठणका जाईना!

मैत्रिणींनो, जखम भरून आली आणि दुखणं मात्र मुक्कामालाच राहिलं, असं तुमचं कधी झालंय का?

आमचं घर नेरूळला, खाडीच्या बाजूला. गेल्या पावसाळ्यात वाऱ्याने दार धाडकन आपटलं आणि माझ्या उजव्या तर्जनीचं टोक चेंगरलं. हाड शाबूत होतं. टाके पडले, निघालेही. महिन्याभरात बोट दिसायला अगदी पूर्वीसारखं! पण ब्लाउजचा हूक लावतानाही कळ मस्तकात जाई. फ्रिजमधली दुधाची पिशवी धरवेना. मी साड्यांना फॉल-बिडिंग करून देते. पण सुईच धरता येईना. गिऱ्हाइकांच्या साड्या परत पाठवताना डोळे भरून यायचे. "आता तर जखमही दिसत नाही," असं हे म्हणाले. मग मी बोलणंच सोडलं. बोट दुमडून, जपून वागू लागले.

इथंच माझं चुकलं! डॉक्टरांनी मला ऑक्युपेशनल थेरपीच्या बाईंकडे पाठवलं. (ही विद्या आपल्याकडे नवी नाही बरं का! कमला निंबकरांनी १९५० सालीच मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात तिची शाळा सुरू केली.) बाई म्हणाल्या, "बोटाच्या टोकाशी नसांचं दाट जाळं असतं. मार बसला की साध्या स्पर्शालाही त्या घाबरतात. बोट लपवलंत तर ही भीती वाढेल. त्याला स्पर्शाची सवय लावा."

उपाय घरातलाच. जखम पूर्ण मिटल्यावर बोटाच्या टोकावरून आधी कापूस फिरवायचा. तो सोसला की मऊ सुती कापड, मग खरखरीत टॉवेल. दिवसातून तीन-चार वेळा, पाच-पाच मिनिटं. पुढे तांदळाच्या डब्यात बोट घालून ढवळायचं, टेबलावर हलकेच टकटक करायची. थोडं नकोसं वाटेल, ते चालतं. असह्य होईल इतकं मात्र करू नका. गार लागणं सोसेना तर हातमोजा घाला. ही तक्रार वर्षभरही रेंगाळू शकते.

मात्र एकाच ठिकाणी दाबल्यावर विजेचा झटका बसावा तशी कळ आली, सूज वाढली किंवा पू झाला, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, डॉक्टरांना दाखवा.

दोन महिन्यांनी मी पुन्हा फॉल लावायला बसले. टाके थोडे वाकडे आले, पण साडी परत पाठवावी लागली नाही. तेव्हा बायांनो, जखम दिसत नसली तरी दुखत असेल, तर "दुखतंय" म्हणा. मी ते म्हणायला फार उशीर केला!