केमोनंतरच्या मुंग्या : काही टिपणे

केमो संपली, रिपोर्ट चांगले आले, आणि ब्लाउजचे हूक मात्र लागेनात. चप्पल पायातून कधी निसटली ते कळत नाही. रात्री तळव्यांची आग. ‘जीव वाचला ना, मग आता एवढं काय’ असं घरातले मायेनेच म्हणतात, पण त्यानंतर बाई त्याबद्दल बोलायचीच थांबते.

०

अशा मुंग्या आणणारं केमोतलं एक औषध म्हणजे पॅक्लिटॅक्सेल. ते शोधणाऱ्या दोघांपैकी एक, मनसुख वाणी, आपल्या नंदुरबारचे. मन्रो वॉल यांच्याबरोबर अमेरिकेत त्यांनी पॅसिफिक यू झाडाच्या सालीतून ते वेगळं केलं; रचना १९७१ साली प्रसिद्ध झाली. हे औषध पेशीतल्या सूक्ष्मनलिका जखडून ठेवतं, म्हणून कर्कपेशीचं विभाजन अडतं. पण मज्जातंतूंमधली ने-आणही याच नलिकांवरून चालते. सर्वांत लांब तंतू पायांचे, म्हणून मुंग्या बहुधा पावलांपासून. व्हिन्क्रिस्टीन हे दुसरं केमो-औषध तर अंगणातल्या सदाफुलीतलं. त्याचाही मार नलिकांवरच.

०

मेंदूला रक्तातल्या औषधांपासून आडोसा असतो. पाठीच्या कण्यालगत संवेदी पेशींच्या ज्या गाठी असतात, त्यांना तो जवळजवळ नाही. औषध तिथे साचतं, पेशी दुखावतात, मॅक्रोफेज नावाच्या प्रतिकारपेशी जमा होतात. त्यांच्या टीएनएफ, इंटरल्यूकिन-१ वगैरे रसायनांमुळे साधा स्पर्शही बोचू लागतो. म्हणजे या दुखण्यात आपल्याच प्रतिकारशक्तीचाही हात आहे.

०

मग ही प्रतिकारशक्ती दाबूनच टाकावी? ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन केंद्रातलं उंदरांवरचं २०१६चं काम मला यासाठीच मोलाचं वाटतं. टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीतल्याच एका प्रकारच्या पेशी, नसलेल्या उंदरांना पॅक्लिटॅक्सेल दिलं. दुखणं सुरू झालं ते इतर उंदरांसारखंच, पण ओसरायला फार वेळ लागला. सीडी८ या प्रकारच्या टी-पेशी दिल्यावर ते वेळेत ओसरलं. दाह शमवणारं इंटरल्यूकिन-१० अडवलेल्या उंदरांतही दुखणं लांबलं. दुखणं पेटवणारी आणि विझवणारी यंत्रणा एकच. शिवाय सीडी८ म्हणजे कर्कपेशींना मारणाऱ्याच पेशी. त्यामुळे सरसकट दाबणारं औषध इथे चालणार नाही. विझवणाऱ्या बाजूला बळ द्यावं लागेल, असं माझं स्पष्ट मत आहे.

०

पण प्रयोगातला उंदीर बहुतेकदा तरुण, अंगात कर्करोगाची गाठ नसलेला. रुग्ण साठीचा, कदाचित मधुमेही. मिनोसायक्लिन या प्रतिजैविकाने प्राण्यांत आशा दाखवली. पॅक्लिटॅक्सेल घेणाऱ्या रुग्णांच्या छोट्या चाचणीत मात्र मुंग्या-बधिरपणावर उपयोग दिसला नाही.

०

आज हाताशी काय आहे? ड्युलोक्सेटीन. २०१३च्या चाचणीत २३१ रुग्ण होते. दुखणं थोडंफार कमी झाल्याचं ५९ टक्क्यांनी सांगितलं, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत ३८ टक्क्यांनी. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२०मध्येही उपचार म्हणून याच एका औषधाची शिफारस केली. प्रतिबंधासाठी एकाचीही नाही. असिटिल-एल-कार्निटीन या पूरक गोळीने तर त्रास वाढल्याचं आढळलं. तेव्हा ‘नसांच्या ताकदीच्या’ गोळ्या डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत.

०

२०१४मध्ये ३१ अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला गेला. केमोनंतर पहिल्या महिन्यात ६८ टक्के रुग्णांना हा त्रास होता, सहा महिन्यांनी आणि पुढे ३० टक्क्यांना. कित्येकांचं शरीर आपणहून सावरतं. ते कसं, हे शोधण्यावर पैसा आणि माणसं लागायला हवीत.

०

केमो चालू असलेल्यांना एक विनंती. मुंग्या, बधिरपणा, आग, गार पाण्याने बसणारा झटका, जे असेल ते पुढच्या सलाइनच्या आधी डॉक्टरांना सांगा. डोस कमी करता येतो, पुढे ढकलता येतो, कधी औषधही बदलता येतं.