किमतीची चिठ्ठी नसलेला बाजार

पुण्याचा जुना बाजार मंगळवार पेठेत असला तरी भरतो बुधवारी आणि रविवारी. त्याचा स्वभाव इथूनच कळावा. रस्त्याकडेला ताडपत्र्या पसरलेल्या आणि त्यांवर एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या वस्तू शेजारधर्म पाळत बसलेल्या: पाने-पकडी, पितळी अडकित्ता, जोडीदार हरवलेला लष्करी बूट, देवघरातली घंटा, कुठल्याशा टीव्हीचा रिमोट. किमतीची चिठ्ठी कशावरच नाही. मला विचाराल तर सगळी मजा त्या नसलेल्या चिठ्ठीत आहे. मॉलमध्ये सगळं छापलेलं असतं, तोंड उघडावंच लागत नाही. इथे विचारल्याशिवाय पान हलत नाही, आणि बोलणं एकदा निघालं की ते किमतीपाशी थोडंच थांबतं?

"काका, भवानीची वेळ आहे, खोटं नाही बोलणार." हे वाक्य मी भर दुपारीही ऐकलेलं आहे.

एका रविवारी एक मायक्रोमीटर उचलून नुसताच न्याहाळत होतो. शेजारी उकिडवे बसलेले पांढऱ्या मिशांचे गृहस्थ म्हणाले, "असं काय कळणार? आधी मिटवा." कारखान्यात फिटर होते म्हणे. त्यांनी तो हातात घेतला, मागची रॅचेट टकटक वाजेपर्यंत दोन बोटांनी फिरवली आणि शून्याची रेघ शून्यावर बसते का ते डोळ्याजवळ नेऊन पाहिलं. "दोन रेघा जास्त दाखवतोय. म्हणजे दोन शतांश मिलिमीटर. तेवढे वजा करायचे, की झालं." मग माझ्याच डोक्यावरचा एक केस मागून घेऊन त्यात धरला. नऊ रेघा. त्यातून दोन गेल्या, सात. "हा तुमचा केस," असं म्हणत त्यांनी तो मला परतही केला! पुढं रात्रपाळी, कॅन्टीनचा चहा, हल्लीच्या पोरांना फाइल धरता येत नाही, सगळं निघालं. नाव ना त्यांनी विचारलं, ना मी. कान देऊन ऐकणाऱ्या विक्रेत्यानं मात्र तेवढ्यात भाव पन्नास रुपयांनी वाढवला.

घड्याळांच्या ढिगापाशी साठी उलटलेला माणूस थांबला नाही असं सहसा होत नाही. एचएमटीनं जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं १९६१ साली बेंगळुरूत घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि २०१६ मध्ये तो कारभार आटोपला. मधल्या काळात पास झालेल्या, नोकरीला लागलेल्या, बोहल्यावर चढलेल्या कितीजणांच्या मनगटावर तेच घड्याळ. डायलवर देवनागरीत 'जनता' लिहिलेलं हाती लागलं की गृहस्थ आधी चावी देतात, मग कानाशी नेतात, आणि मग शेजारच्या अनोळखी माणसाला आपल्या सासऱ्यांविषयी सांगू लागतात. पलीकडे एखादी मावशी कॉलेजातल्या मुलीला करंज्यांचं कातणं कसं धरायचं ते हवेतच दाखवत असते.

मुंबईचा चोर बाजार मलाही आवडतो, पण मटण स्ट्रीटवरच्या दुकानदारांना वस्तूची किंमत आपल्यापेक्षा फार चांगली ठाऊक असते. तिथे जाणकार भेटतो. गप्पिष्ट भेटायला पुण्याची ताडपत्री बरी.

एक गोष्ट मात्र मला जमत नाही, ती म्हणजे नाव घातलेलं भांडं विकत घेणं. स्टीलच्या डब्यावर टिंबाटिंबांच्या अक्षरात 'मामांकडून सप्रेम भेट' वाचलं की हात आखडतो. भाचीच्या घरातून तो इथवर का आला, हे विक्रेत्यालाही माहीत नसतं. मी डबा खाली ठेवतो. बायको म्हणते, नावावर तार घासली की झालं. तिचंही बरोबर असेल.

तुम्ही गेलात तर सकाळी लवकर जा आणि सुटे पैसे जवळ ठेवा. हवी असलेली वस्तू सोडून आधी शेजारच्या वस्तूचा भाव विचारा. आणि कानातले इअरफोन तेवढे घरी ठेवून जा.