रॉड तुटलाच नाही

हॉस्टेलवर फुकट आणि मुबलक मिळणारी एकच वस्तू, ती म्हणजे टेन्शन. सबमिशनचं टेन्शन, ओरलचं टेन्शन, मेसमध्ये आज परत दुधी आहे त्याचंही टेन्शन. 'ताण' असं मात्र कुणीच म्हणत नाही. माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवालीला तर हा शब्द मराठी पेपरच्या आरोग्य पुरवणीत पहिल्यांदा भेटला. असो. मी ज्या टेन्शनबद्दल लिहिणार आहे ते किलोन्यूटनमध्ये मोजतात.

१७ जुलै १९८१, शुक्रवार. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत हयात रीजन्सी नावाचं हॉटेल होतं, उघडून जेमतेम वर्ष झालेलं. संध्याकाळी लॉबीत नाचाचा कार्यक्रम चालू होता. लॉबीच्या वर, छताला स्टीलच्या रॉडनी टांगलेले पादचारी पूल होते. चौथ्या मजल्याचा पूल, त्याच्या बरोबर खाली दुसऱ्या मजल्याचा, आणि बाजूला तिसऱ्या मजल्याचा स्वतंत्र. सातच्या सुमारास चौथ्याचा पूल सुटला, दुसऱ्यावर पडला आणि दोन्ही मिळून खालच्या गर्दीवर. ११४ माणसं गेली, दोनशेच्या वर जखमी झाली.

आमच्या सरांनी वर्गात हे सांगितलं आणि फळ्यावर दोन आकृत्या काढल्या. पहिली मूळ डिझाइनची. सव्वा इंची, म्हणजे साधारण ३२ मिलिमीटरचा एकच अखंड रॉड छतापासून निघतो, चौथ्या मजल्याच्या तुळईतून आरपार जाऊन दुसऱ्या मजल्याच्या तुळईपर्यंत पोचतो. दोन्ही तुळयांखाली एकेक नट. दुसरी आकृती प्रत्यक्षात जे बांधलं त्याची. तिथे एका रॉडचे दोन केलेले. वरचा रॉड चौथ्याच्या तुळईखाली नट लावून संपतो. खालचा रॉड त्याच तुळईच्या वरच्या बाजूला नट लावून सुरू होतो आणि दुसऱ्या मजल्याचा पूल धरतो. सर म्हणाले, "दोन्हींत रॉडमधलं टेन्शन काढा."

माझ्या रूममेटने दोन मिनिटांत पेन खाली ठेवलं. "काहीच बदललं नाही गं. सेमच आहे."

आणि तिचं बरोबर होतं! एका पुलाचं एका रॉडच्या वाट्याला येणारं वजन म्हणजे 'एक वाटा' धरू. छताजवळ रॉड कापल्याची कल्पना करा. खाली दोन पूल लोंबताहेत, म्हणून टेन्शन दोन वाटे. चौथ्या मजल्याच्या खाली कापा, एक वाटा. आता दुसरी आकृती घ्या. वरचा रॉड दोन वाटे, खालचा रॉड एक वाटा. परीक्षेत एवढंच विचारलं तर दोन्हींना एकच उत्तर आणि पूर्ण मार्क.

मग पूल पडला कसा? इथे कात्री रॉडला नाही, नटाच्या भोवती लावायची. पहिल्या आकृतीत चौथ्याच्या नटाला रॉड वरून दोन वाट्यांनी ओढतो आणि खालून एक वाट्याने. फरक उरतो एक वाटा, तेवढाच नट तुळईवर टाकतो. दुसऱ्या आकृतीत वरचा रॉड त्या नटापाशीच संपतो. खाली ओढायला कुणी नाही. म्हणजे दोन्ही वाटे त्या एका नटातून तुळईत. रॉड तोच, टेन्शन तेच आणि नटाखालचा भार दुप्पट.

मला हे पटलं ते दोरीच्या मल्लखांबावरून. एकाच दोरीला दोन पोरं आपापली पकड घेऊन लटकलीत. आता खालच्याने दोरी सोडून वरच्याचे पाय धरले. दोरीला काही फरक पडत नाही. वरच्या पोराच्या हातांना विचारा!

तुळई तरी भक्कम असावी, तर तीही नव्हती. दोन सी-चॅनल तोंडाला तोंड लावून वेल्ड करून पोकळ पेटी केलेली, आणि रॉडसाठीचं भोक नेमकं त्या वेल्डच्या जोडावरच. नटाने ओढून ओढून जोड उकलला आणि नट तुळईतून आरपार निघून आला. फोटोंत छताला रॉड तसेच लोंबताना दिसतात, टोकाला नट-वॉशर शाबूत. मला त्या फोटोची जास्त भीती वाटते. पुढे सरकारी तपासात निघालं की मूळ डिझाइनचा हा जोडसुद्धा शहराच्या संहितेला हव्या असलेल्या ताकदीच्या ६० टक्केच होता. बदलल्यावर राहिला ३० टक्के. बाजूचा तिसऱ्या मजल्याचा पूल मात्र पडला नाही, त्याला कुणी लटकलेलं नव्हतं.

पण रॉडचे दोन केले कुणी आणि का? फॅब्रिकेटरने. पुस्तकं वाचून वाटतं, कोण हा बेजबाबदार माणूस. मला तसं वाटेना, कारण माझ्या पप्पांचं शिरोली एमआयडीसीत छोटं फॅब्रिकेशनचं शॉप आहे. रविवारी फोनवर मी त्यांना नुसती पहिली आकृती समजावली. ते लगेच म्हणाले, "अगं, मधल्या मजल्यावर नट चढवायचा म्हणजे खालपासून तिथपर्यंत सगळ्या रॉडला आटे पाडायला लागणार की. आणि उचलताना आटे मार खाणार. दोन तुकडे करायचे, काम सोपं."

अगदी हेच कारण होतं! कॅन्सस सिटीच्या माणसाचं डोकं आणि शिरोलीच्या माणसाचं डोकं एकाच जागी पोचलं. मग मी दुसरी आकृती आणि नटाची गोष्ट सांगितली. पप्पा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "पण ड्रॉइंगवर साहेबाची सही असेल ना?"

सही होती. शॉप ड्रॉइंगवर इंजिनिअरांचा शिक्का होता. फॅब्रिकेटरचं म्हणणं, आम्ही फोन करून बदल विचारला होता. इंजिनिअरांचं म्हणणं, असा फोन आलाच नाही. बदललेल्या जोडाचा हिशोब कुणीच केला नव्हता. याने धरलं त्याने केला असेल, त्याने धरलं याने. शेवटी दोन इंजिनिअरांची मिसुरी राज्यातली लायसन्स गेली. आपल्या हिशोबाने बघितलं तर तो एफबीडी फर्स्ट इयरचा आहे, पाच मार्कांचा. आपण तो पेन्सिलने, पट्टी लावून, मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवून काढतो. (सबमिशन तपासणाऱ्या सरांनी हे वाक्य सोडून द्यावं.)

हॉटेल नंतर परत उघडलं, आता त्याचं नावही वेगळं आहे. लॉबीत नवा पूल केला, एकच, दुसऱ्या मजल्यावर आणि खालून खांब देऊन.

मंगळवारी पप्पांचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. एका गोडाउनचं काम, माल ठेवायला एकाखाली एक दोन टांगते प्लॅटफॉर्म. ड्रॉइंगमध्ये रॉड अखंड होता, पण पप्पांनी पेनाने मध्ये खूण करून दोन तुकडे दाखवले होते. खाली लिहिलं होतं, 'बघ जरा.' मी जर्नलच्या मागच्या पानावर वरचा नट काढला, बाण काढले, आकडे घातले आणि फोटो पाठवला. रात्री त्यांचा फोन आला.

"पार्टीच्या इंजिनिअरला विचारलंय. बघून सांगतो म्हणाले."

"आणि तोवर?"

"चॅनल कापून पडलेत. भोकं पाडायची थांबवलीत. आणि हो, त्यांना म्हटलंय, उत्तर फोनवर नको, लिहून द्या."