भरून आणलेली कॅसेट

चाकूरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी टेलरमामांचं दुकान होतं. दुकान कसलं, एक मशीन, एक बाकडं आणि फळीवर टेपरेकॉर्डर. हमालीवरून परतणारे, एसटीची वाट बघणारे, शाळेतून सुटलेले आम्ही, सगळे त्या बाकड्यावर टेकायचो. टेपवर बहुतेक एकच माणूस असायचा, प्रल्हाद शिंदे.

कॅसेट विकतची नव्हती. मामांनी वहीच्या पानावर यादी लिहून लातूरला गंजगोलाईजवळच्या एका दुकानातून साठची कॅसेट भरून आणली होती. ए बाजूला भीमगीतं, बी बाजूला विठ्ठलाची गाणी. १४ एप्रिल जवळ आला की ए, आषाढीला बी, एरवी हाताला लागेल ती. आमच्या आजोबांच्या गळ्यात माळ. बी बाजू चालू असली की ते बाकड्यावर बसायचे. ए बाजूला त्यांची चाल फक्त मंद व्हायची. आवाज तोच, हे त्यांना काय कळत नव्हतं?

ऐकणारे मात्र एकेक पक्के. शिंदे वरच्या सुरावर जाऊन तिथंच ठाण मांडायचे, तेव्हा मामांचा मशीनवरचा पाय थांबायचा. कैची वर धरून म्हणायचे, "दम बघ, दम!" बेंजोचा तुकडा कुणी तोंडानं वाजवायचा, कोरसला सगळं बाकडं. शिंदे उमेदीच्या काळात इस्माईल आझादांच्या कव्वाली पार्टीत होते, हे मला एका हमालकाकांनी सांगितलं. "म्हणून तर पांडुरंगालाबी कव्वालावानी दरडावून हाक मारतेत," ते म्हणायचे. पुढं मी गाण्यांवरची बरीच समीक्षा वाचली. काकांच्या तोडीचं वाक्य क्वचितच सापडलं.

मग ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक निजले होते आणि पहाटे चारच्या सुमारास धरणी हलली. किल्लारीकडच्या बातम्या ऐकून कुणाची घरात झोपायची छाती होईना. गल्लीतल्या बाजा, अंथरुणं सगळी मोकळ्या जागेत आली, मामांचा टेपही आला. लाईटचा भरवसा नाही, म्हणून सेल. दिवसभर सेल उन्हात तापवायचे, रात्री तेवढाच जीव धरायचे. सेल उतरला की आवाज जड व्हायचा. मग अंधारातून कुणीतरी ओरडायचं, "बंद करा, देवमाणसाचा रेडा करू नका!" पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसलो ते यावर. आजोबांचीही पंचाईतच झाली. ए बाजू लागली तरी अंथरूण तिथंच, जाणार कुठं? एका रात्री त्यांची बोटं बाजेच्या गातावर ठेका धरताना मला दिसली. मी काही बोललो नाही.

त्याच दिवसांत टेपनं पट्टी खाल्ली. मामांनी कंदील जवळ ओढला, चुरगळलेली तपकिरी पट्टी बोटांनी सोडवली, खराब झालेला वीतभर तुकडा कापडाच्या कैचीनं कापला, टोकाला टोक लावून चिकटपट्टी डकवली. पेन्सिल घालून गुंडाळलं. बी बाजूच्या एका गाण्यातली ओळ अशी गेली. पलीकडच्या ए बाजूचंही काहीतरी गेलंच, पण ते कोरसात खपून गेलं. बीमध्ये मात्र शिंदे अर्ध्या शब्दावरून थेट पुढच्या कडव्यात उडी मारायचे. आम्हीही त्यांच्याबरोबर उडी मारायला शिकलो. पाहुणा असला की त्या जागी तो एकटाच चुकायचा.

२००४ च्या मे महिन्यात भीमगीतांचे कवी वामनदादा कर्डक गेले, २३ जूनला प्रल्हाद शिंदे. आषाढी तोंडावर होती. मामांनी त्या दिवशी मशीनवरचं कापड काढलंच नाही, टेप तेवढा चालू ठेवला.

आता त्यांना मशीनवर बसवत नाही. गेल्या दिवाळीत भेटायला गेलो तेव्हा मोबाइलवर तेच गाणं लावून फोन त्यांच्या हातात दिला. डोळे मिटून ऐकत होते, हातानं मांडीवर ठेका. उडीची जागा आली. मामांचा हात खाली आला, आणि शिंदे आमची हरवलेली ओळ आरामात गाऊ लागले. मामांनी डोळे उघडले.

"हे मधीच काय घातलंय रे? आपल्यात नव्हतं हे."